फटफटी उभी कोण करणार

माझ्या लग्नात नवरदेवाला एकावर एक दोन पाट दिले होते. मी बिनपाटाची उभी, तरी हार घालताना त्यांना टाचा उचलाव्या लागल्या. मांडवातली एक म्हातारी मोठ्यांदा म्हणाली की पोरीला जरा खड्ड्यात उभी करायची होती. सगळे हसले. मी हसले नाही. तेव्हापासून या गोष्टीवरून कुणी हसलं की माझं डोकं फिरतं, आणि माझा राग लपून राहणाऱ्यातला नाही.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती, पण गोष्ट सांगायची तर नाव लागतं, म्हणून घेते. सुकुमार. सांगलीच्या पेठेत माझ्या सासऱ्यांची, पायगोंडा पाटलांची, हळदीची वखार होती. सुकुमारांना हळदीचा वास आला की शिंका यायच्या आणि इंजिनाच्या तेलाचा वास आला की भूक लागायची. नदीचं पाणी उसाला चढवायला तेव्हा जागोजाग ऑइल इंजिनं बसत होती. ती उघडायची, पुसायची, परत जोडायची, यात त्यांचा सगळा जीव. बोटं अशी की सोनारानं मागून घ्यावीत.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर खडकीच्या डेपोतल्या लष्करी गाड्या लिलावात निघाल्या. तिथून त्यांनी एक फटफटी आणली. मातकट हिरवी, म्हशीसारखी जड आणि उंचापुऱ्या गोऱ्या सोल्जराच्या मापाची. सुकुमार तिच्यावर बसले की पायाचे अंगठेसुद्धा जमिनीला लागत नसत. मामंजींनी एकदा गाडीकडे बघितलं, एकदा लेकाकडे बघितलं. या उन्हाळ्यात फिटरचं कायमचं काम मिळालं तर ठीक, म्हणाले, नाहीतर मिरगाच्या आत फटफटी विकायची आणि मुकाट वखारीत येऊन बसायचं.

कायमचं काम एकाच ठिकाणी मिळण्यासारखं होतं. उंब्रजच्या पुढे, साताऱ्याच्या वाटेला, कृष्णाकाठी हंबीररावांचा मोठा ऊस होता. त्यांची आणि भावकीची मिळून बरीच इंजिनं होती आणि त्यांना एक हक्काचा फिटर हवा होता. अट एवढीच की इंजिन बंद पडलं की त्याच दिवशी यायचं. चैत्रात ऊस पाण्यावाचून एक दिवस थांबतो, दोन दिवस थांबत नाही. आगगाडीनं जाऊन पुढे बैलगाडी करायची तर दुसरा दिवस उजाडायचा. फटफटीवर अर्ध्या दिवसाचं काम.

पहिली हाक आली तेव्हा सुकुमार एकटेच गेले आणि तोंड पाडून परत आले. काय झालं ते मी चार दिवसांत तुकड्यातुकड्यानं काढून घेतलं. वाटेत थांबायचं तर मैलाचा दगड नाहीतर मोरीचा कठडा शोधायचा, त्याला पाय टेकायचा, असं करत ते पोचले. इंजिनाच्या खोपटापाशी मात्र नदीकडं उतरती, चिखलाची जमीन. तिथं ना दगड, ना कठडा. गाडी थांबली आणि सगळ्या भावकीसमोर हे गाडीसकट आडवे झाले.

ते एक वेळ चाललं असतं. पण हँडल लांब, त्यामुळे सगळी वाट ते पोट टाकीवर टेकून, हात ताणून आले होते. बोटं मुंग्या येऊन बधिर. इंजिनात तेल उडवायची जी नोझल असते, तिच्यात एक एवढीशी स्प्रिंग असते. ती त्यांच्या बोटांतून निसटली आणि खोपटाखालच्या विहिरीत गेली. ज्या बोटांची सोनारानं हाव धरावी, ती बोटं. हंबीरराव शिव्या देणारे नव्हते, त्यांनी साताऱ्याहून दुसरा माणूस आणवला. निघताना ते म्हणाले की आणखी एकदा बोलावीन, तेव्हा हात शाबूत घेऊन ये, नाहीतर मी पुण्याचा फिटर बांधून घेतो.

आता शहाणा माणूस काय करेल? आधी हाताचं बघेल. पण सुकुमारांच्या मनाला बोटांचं बधिर होणं लागलं नव्हतं, लागलं होतं ते पडणं. लोक हसले ते तेवढंच त्यांना दिसत होतं. त्यांनी नाथाजी लोहाराला गाठलं आणि बैठकीखालच्या दोन्ही स्प्रिंगा काढून बैठक थेट सांगाड्यावर बसवून घेतली. गाडी गल्लीत आली, सुकुमार वर बसले आणि दोन्ही तळवे जमिनीला सपाट. अख्खी गल्ली बघायला लोटली. कुणी खाली वाकून तळव्याखाली काडी जाते का ते बघितलं. जात नव्हती. मामंजीसुद्धा मिशीत हसले. सुकुमार तर बाशिंग बांधल्यासारखे बसले होते.

मी फक्त एवढंच म्हटलं, जरा कुंडलपर्यंत जाऊन या.

ते संध्याकाळी आले. गुडघे इतका वेळ छातीशी मुडपलेले की उतरल्यावर सरळ होईनात. स्प्रिंगा नसल्यामुळे वाटेतला एकेक खड्डा पाठीतून डोक्यात गेलेला. मी दारातच सुई-दोरा घेऊन उभी होते. सुई ओवा, म्हटलं. त्यांना वाटलं चेष्टा करते. मी चेष्टा करत नव्हते. दोरा सुईच्या आजूबाजूनं सगळीकडे फिरला, नाकात काही गेला नाही.

"हंबीररावाच्यात काय तळवं दाखवणार हाय का नोझल जोडणार हाय?" मी म्हटलं. "दिसभर गाडीवर बसायचं आन् पापणी लवंपतुर थांबायचं. तुमी गाडी त्या थांबण्यासाठी केली. बघणाऱ्यांसाठी केली, बसणाऱ्यासाठी न्हाई."

 तिसऱ्या दिवशी ते स्वतःच म्हणाले, चल नाथाजीकडं.

नाथाजी फटफटीचा माणूस नव्हता, बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवणारा, नांगराच्या फाळांना पाणी पाजणारा. पण त्यानं एक गोष्ट बरोबर ओळखली. जू बैलाच्या मानेवर बसवतात, बैलाची मान जुवाला बसवत नाहीत, असं तो म्हणाला आणि त्यानं फटफटी बाजूलाच ठेवली. सुकुमारांना ज्वारीच्या पोत्यावर बसवलं. डोळे मिटा, म्हणाला, आणि बैलगाडी हाकत लांब निघालाय असं बसा. कासरा जिथं आपोआप येतो तिथं हात ठेवा. पाय जिथं आपोआप जातात तिथं राहू द्या. सुकुमार बसले. पाठ सैल झाली, खांदे खाली आले, चेहरासुद्धा बदलला. नाथाजीनं हाताची जागा, पायाची जागा, बुडाची जागा काठीवर कोळशानं खुणा करून घेतली. मला इतका आनंद झाला की मी तिथंच त्याला दुपारच्या जेवणाचं आमंत्रण देऊन टाकलं.

मग चार दिवस भात्यापुढे धमाल होती. हँडल लाल होईपर्यंत तापवलं आणि बैलाची शिंगं मागं वळावीत तसं दोन्ही बाजूंनी मागं ओढलं. पाय ठेवायच्या दांड्या सोडवून वर आणि जरा पुढं बसवल्या. गिअरचा पाय-दांडा तोकडा केला, म्हणजे टाच न उचलता बोटानं ढकलता येईल. स्प्रिंगा परत आल्या, बैठक परत वर गेली, पण चार बोटं पुढं सरकली. तिचं पुढचं रुंद टोक कापून निमुळतं केलं, म्हणजे मांड्या फाकायला नकोत.

बैठक चामड्याची होती आणि ती भरायला मी घरात आणत होते, तर सासूबाई उंबऱ्यात आडव्या. आम्ही जैन, त्यांचा नेम होता, चामडं घरात येता कामा नये. मी वाद घातला नाही, कारण कधी नव्हे ते मला त्यांचं बोलणं सोयीचं पडलं. चामडं फेकलं आणि जुन्या तंबूचं कापड आणून बैठक शिवली. आत सावरीचा कापूस ठासून भरला, मांडीकडं कमी, माकडहाडाकडं जास्त. सासूबाईंनी स्वतः बसून बघितलं आणि म्हणाल्या, याच्यापेक्षा माझी गादी कडक हाय.

सुकुमार तासगावला जाऊन आले. मी दारात सुई घेऊन उभी. त्यांनी गाडी ओट्याला लावली, ओट्यावर पाय टेकून उतरले, माझ्या हातातून सुई घेतली आणि पहिल्या फटक्यात दोरा आरपार. नुसता ओवला नाही, तर शेवटाला गाठसुद्धा मारून दिली. मी त्या दिवशी पुरणपोळी केली आणि सण कोणता म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकावर डोळे वटारले.

राहिलं एकच. बैठक वर गेली म्हणजे पाय पुन्हा अधांतरी. ओटा सगळीकडे कुठून आणायचा?

उपाय मला दिसत होता. माझ्याच कमरेखाली होता. एका सकाळी सांगलीवाडीच्या पुढच्या मोकळ्या रस्त्यावर मी हट्टानं मागच्या कॅरिअरवर बसले. नऊवारीचा कासोटा घट्ट खोचला होता, त्यामुळे बापईमाणसासारखी दोन्हीकडं पाय टाकून बसले. गाडी थांबली आणि मी दोन्ही पाय खाली सोडले. टाचांसकट टेकले. फटफटी दावणीला बांधल्यासारखी उभी. मला हसू आवरेना. म्हटलं, झालं, हंबीररावाच्यात मी येते.

सुकुमारांचा चेहरा पडला. लोक काय म्हणतील, म्हणाले. फिटर आला आणि त्याची गाडी बायको धरती. आधीच आपली जोडी बघून लोक तोंडाला पदर लावतात. ते रागानं बोलले नाहीत, अगदी हळू बोलले, म्हणून मला जास्त लागलं. कुणी परक्यानं म्हटलं असतं तर मी त्याची खेटरानं पूजा केली असती. नवऱ्यालाच माझ्या उंचीची लाज वाटते म्हटल्यावर कुणाशी भांडायचं?

आठवड्याभरात तार आली. इंजिन बंद, आज या.

मामंजी पेठेतून धावत घरी आले. सुकुमारांनी हत्यारांची पिशवी बांधली, टाकी भरली आणि ओट्यापाशी गाडीवर बसले. किक मारली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले की वाटेत थांबावं लागेल, तेव्हा तू चल, पण हंबीररावाच्या शिवेवर उतरायचं. तिथून मी एकटा जाईन, तू मागनं चालत ये. मला झणझणीत काहीतरी बोलायचं होतं. पण हे काम हुकलं तर तो माणूस जन्मभर हळदीत शिंकत बसेल, हे मला दिसत होतं. गिळलं आणि बसले.

आणि काय सांगू, नदीचा पूल ओलांडला आणि माझा राग वाऱ्यावर उडून गेला. आष्टा गेलं, इस्लामपूर गेलं. दोन्ही बाजूंच्या बाभळी मागं पळत होत्या. उसाची गाडी आली की सुकुमार बेतानं बाजू काढत, आणि मोकळा रस्ता लागला की फटफटी अशी काही सुटायची की माझ्या पोटात गोळा येऊन तो तोंडातून हसू होऊन बाहेर पडायचा. माहेरहून सासरी येताना मी रडत आले होते. इतक्या वेगानं आले असते तर रडायला वेळच मिळाला नसता.

मलकापुरात मेंढरांचा कळप आडवा आला. सुकुमारांनी दगड शोधायला मान वळवली, तोवर मी पाय टेकले होते. मेंढरं दोन्हीकडून वाहत गेली आणि आम्ही मधे पाण्यातल्या खांबासारखे उभे. तिथली माणसं बघतच राहिली. एका बाईनं तर डोक्यावरची पाटी खाली ठेवली. कोयनेच्या पुलावर समोरून प्रवाशांची सर्व्हिस मोटार आली, तिथंही तसंच. पुलानंतर सुकुमार मागं वळून ओरडले की बोटं बघ, मुंग्या न्हाईत. एक हात सोडून त्यांनी बोटं हवेत नाचवून दाखवली. मी म्हटलं, नाच पुरे, पुढं बघा.

शीव आली. बांधावर एकटा आंबा होता. सुकुमारांनी गाडी हळू केली आणि मी पाय टेकले. उतरले, गाडी धरून त्यांना ढकलून दिलं. फटफटी नदीकडं उतरत गेली.

मी ऊन डोक्यावर घेत चालत राहिले. आता मात्र राग आला होता, खरा. खाली खोपटापाशी भावकी जमलेली दिसत होती, पागोटी, बाया, बैल सोडून उभे राहिलेले गडी. सुकुमार त्यांच्यापर्यंत पोचले. गाडी मंदावली. त्यांचा डावा पाय खाली लोंबून जमीन शोधायला लागला. जमीन काही वर आली नाही. चिखल तसाच होता, उतार तसाच. त्यांनी पाय वर घेतला आणि खोपटाला वळसा घालून निघून गेले.

लोकांना वाटलं, फिटर ऐट दाखवतोय. कुणीतरी शिटी मारली. वळसा पुरा करून ते परत आले, परत मंदावले, परत पाय लोंबला, परत वर गेला. बैल दावं तोडायला बघायला लागले. मग फटफटीनं तोंड फिरवलं आणि ती चढावर माझ्याकडं येऊ लागली.

सुकुमार माझ्यापाशी आले, पण थांबणार कसे? ते माझ्याभोवती गोल फिरायला लागले. एकेका फेरीला एकेक वाक्य.

"त्रिशला, मागं बस."

"थांबा, मग बसते," मी म्हटलं.

"थांबता येत न्हाई, म्हणून तर आलोय."

"लोकांत माझी लाज वाटती न्हवं?"

त्यांनी आणखी एक फेरी मारली. धूळ माझ्या नाकातोंडात गेली. चेहरा असा झाला होता की दुसरी कुणी असती तर विरघळली असती. मी कंबरेवर हात ठेवून उभी राहिले.

"माझं चुकलं," ते समोरून जाताना म्हणाले.

"खाली जाऊन काय सांगणार?"

पुढच्या फेरीला आवाज फुटला. "खरं काय ते सांगीन."

मग मी गाडीमागं धावले, दोन्ही हातांनी कॅरिअर धरलं आणि पाय रोवले. फटफटी थांबली. पदर खोचून मागं बसले आणि आम्ही उतारावरून खाली गेलो.

खोपटासमोर, बरोबर जिथं मागच्या वेळी ते पडले होते तिथं, मी चिखलात दोन्ही पाय रोवले. एक पाय घोट्यापर्यंत आत गेला, पण गाडी हलली नाही.  मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन् हसलं. हंबीरराव पुढं आले, उंच, धिप्पाड माणूस. त्यांनी मला नखशिखांत बघितलं आणि विचारलं, "ह्या कोण?"

सुकुमार खाली उतरले. उतरल्यावर ते माझ्या खांद्याला लागत होते आणि हंबीररावांच्या छातीला.

"माझी मंडळी," ते म्हणाले. "गाडी मी चालवतो, हुभी ही करती. माझं पाय पोचत न्हाईत."

एवढं बोलून ते पिशवी घेऊन खोपटात शिरले. हसणाऱ्याचं हसणं तिथंच राहिलं, कारण जे माणूस स्वतःच सांगून मोकळा झाला त्यावर हसायचं तरी काय?

आत मी गेले नाही. हंबीररावांच्या आई, रंगूबाई, यांनी मला बांधावर बसवलं आणि पायाचा चिखल धुवायला पाणी दिलं. माझे कान आतच होते. लोखंडाचे बारीक आवाज येत होते. हत्यार ठेवल्याचा, उचलल्याचा. काही पडल्याचा आवाज येतो का म्हणून मी श्वास धरून होते. आला नाही. सूर्य नदीपलीकडच्या डोंगराकडं कलायला लागला तेव्हा आत एक ठोका पडला, मग दुसरा, मग ठोक्यांची रांग लागली आणि इंजिन सुरू झालं. पाटाच्या तोंडाशी नळात आधी नुसती हवा गुरगुरली आणि मग पाणी आलं. उसाच्या पहिल्या सरीत ते शिरलं तेव्हा गडी पाण्याबरोबर पळत सुटले. मीसुद्धा उठून चार पावलं पळाले, मग भान आलं आणि थांबले.

रंगूबाईंना आमच्यातली रीत ठाऊक होती. सूर्य मावळायच्या आत जेवा म्हणून त्यांनी बांधावरच भाकरी, वांग्याचं भरीत आणि बिनलसणीची शेंगदाण्याची चटणी आणली. सुकुमार हात धुऊन माझ्या शेजारी बसले. हंबीरराव समोर उकिडवे बसले. भोवती सगळी भावकी होती.

काम तुझं, हंबीरराव म्हणाले. सगळ्या इंजिनांचं, कायमचं. सुकुमारांचा घास हातातच राहिला. मला ओरडावंसं वाटलं, पण एवढ्या बापईमाणसांत कशी ओरडणार.

मग हंबीरराव खोपटाकडं बघत आणखी बोलले. "आन् उद्याच हितं एक दगूड रवतो, तुझ्या पायाजोगा. वाटंत मैलाचं दगूड हाईतच. म्हंजे पुढच्या वक्ताला बाईमाणसाला येवढ्या लांब यायचा तरास न्हाई."

माणूस भल्या मनानं बोलला होता. वाईट काहीच नव्हतं त्यात. पण माझ्या तोंडातली भाकरी एकदम कोरडी झाली. बरोबरच होतं. दगड असला की माझं काय काम? दगडाला कुणी हसत नाही. दगड बघून कुणी पाटी खाली ठेवत नाही. मी मान खाली घालून ताटाकडं बघत राहिले. सुकुमार आता व्हय म्हणतील, रामराम करतील, आणि मी सांगलीला दारात सुई घेऊन उभी राहीन, असं मला वाटलं.

"दगूड नको," सुकुमार म्हणाले.

हंबीररावांनी भुवया वर केल्या.

"दगूड असला तरी हिला घिऊनच येणार," सुकुमार म्हणाले, इंजिनाच्या आवाजावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हाक मारली की आमी दोगं येणार. हिच्याबिगर मला गाडीवर बसायला करमायचं न्हाई."

कुणी हसलं नाही. हसले असते तरी मला काही वाटलं नसतं. माझे डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून मी रंगूबाईंपुढं ताट सरकवलं आणि आणखी चटणी मागितली.